कमिटीच्या निकालाची वाट बघू नकोस

१४ जून

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू बोलत होतास तेव्हा मी फार काही म्हणाले नाही, कारण बाबा शेजारीच बसले होते आणि त्यांचं बीपी तुला माहीत आहे. म्हणून लिहितेय. पत्र आईचं कमी आणि वकिलाचं जास्त वाटलं, तर वाटू दे.

विभागातल्या त्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘तुम्हा लोकांचं बोलणं मुलांना कळत नाही’, आणि त्याच आठवड्यात तुझी टीएशिप, म्हणजे शिकवण्यात मदतीचं ते काम, पुढच्या वर्षी नाही असा ईमेल आला. राग आलाच. पण धास्ती घेतली ती तुझ्या शेवटच्या वाक्याची: ‘कॉलेजच्या कमिटीकडे तक्रार दिलीय, त्यांचा निकाल आला की बघू.’ हे वाक्य मी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, अशिलांकडून कायम ऐकते. खात्याला निवेदन, मग स्मरणपत्र, मग साहेब म्हणाले ‘बघतो’. फाइल घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा वर्षाची मुदत उलटून गेलेली असते. निवेदनांवर निवेदनं दिली म्हणून मुदत वाढत नाही.

तुमच्या अमेरिकेतही तेच. डेलावेअर स्टेट कॉलेजमध्ये कोलंबस रिक्स नावाचे लायबेरियाहून आलेले कृष्णवर्णीय प्राध्यापक होते. त्यांना कायम करायचं नाही असं कॉलेजनं ठरवलं. त्यांनी कॉलेजच्याच तक्रार समितीकडे दाद मागितली. ती चालू असतानाच २६ जून १९७४ ला एका वर्षाचा शेवटचा करार हातात पडला. सप्टेंबरमध्ये समितीनं तक्रार फेटाळली, ३० जून १९७५ ला नोकरी संपली. त्यांना वाटलं, नोकरी गेली त्या दिवसापासून मुदत मोजायची. सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये सांगितलं की निर्णय कळवला त्या दिवसापासून मोजायची, आणि आतली तक्रार चालू होती म्हणून घड्याळ थांबत नाही. मुदत होती तीन वर्षं, दावा दाखल झाला ९ सप्टेंबर १९७७ ला. अडीच महिन्यांचा उशीर. भेदभाव झाला की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला. निकाल पाच विरुद्ध चार असा होता, पण कायदा तोच ठरला.

आता तुझा हिशोब. टीएशिप ऑगस्टअखेर संपते, पण ईमेल आहे १२ मार्चचा. शिक्षण खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सची मुदत १८० दिवसांची, म्हणजे ८ सप्टेंबर. टीएचं काम ही नोकरी म्हणून धरली, तर नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या ईईओसीकडे कॅलिफोर्नियात ३०० दिवस मिळतात. फेडरल कोर्टातल्या घटनात्मक हक्काच्या दाव्याला प्रत्येक राज्याची इजेच्या दाव्याची मुदत लागते: तुमच्याकडे दोन वर्षं, न्यूयॉर्कमध्ये तीन. शिक्षण खात्याकडून मात्र लवकर काही होईल अशी आशा धरू नकोस. २०२५ मध्ये त्या कार्यालयाच्या १२ पैकी ७ शाखा बंद करायचं जाहीर झालं, आणि त्यात सॅन फ्रान्सिस्कोची होती.

‘मी एफ-वनवर, विद्यार्थी व्हिसावर, मला कसले हक्क’ असं तू म्हणालास. अरे, अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतलं समान संरक्षण आपल्या कलम १४ सारखंच आहे, त्याला नागरिकत्व लागत नाही. ते ठरवून घेतलं सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी धोब्यांनी, १८८६ मध्ये. लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना हवा, असा साधा नियम होता. वंशाचं नावही नाही. पण दोनशेच्या आसपास चिन्यांना नकार, आणि ऐंशीएक बिगरचिनी अर्जदारांपैकी एक सोडून सगळ्यांना परवाना. कोर्टाला तेवढं पुरलं. तुलाही असंच दाखवावं लागेल. ‘इंग्रजी कळत नाही’ हे कारण कॉलेज पुढे करणारच. तेव्हा कोणाकोणाची टीएशिप चालू राहिली, त्यांचे विद्यार्थ्यांचे अभिप्राय काय, तुझे काय, हे जमव. फक्त उच्चारावर अडून बसलास तर दावा पातळ होईल. ‘तुम्हा लोकांचं’ हे शब्द, तारीख, वेळ, कोण कोण हजर होतं, हे आजच लिहून काढ.

दावा कोणावर, हा वेगळाच गुंता आहे. तिथला १८७१ चा कायदा कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या कू क्लक्स क्लान या टोळीच्या धुमाकुळातून आला. राज्याची सत्ता वापरून कोणी तुझा हक्क मोडला तर त्याच्यावर दावा लावता येतो. पण १९८९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून खुद्द राज्य, म्हणजे तुझं सरकारी कॉलेजही, त्यात बसत नाही, म्हणून भरपाई मागायची ती त्या बाईंकडून वैयक्तिक. त्या म्हणतील, हक्क तेव्हा स्पष्ट नव्हता, सरकारी कर्मचारी म्हणून आम्हाला संरक्षण आहे. वंशाच्या बाबतीत हे टिकवणं अवघड आहे. ओक्लाहोमा विद्यापीठानं जॉर्ज मॅकलॉरिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश दिला, पण वर्गालगतच्या खोलीत बसवलं, ग्रंथालयात वेगळं टेबल, जेवायलाही वेगळं. कोर्टानं ते १९५० मध्येच एकमतानं मोडून काढलं. संस्थेला खेचायचं तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सहावा भाग. केंद्राचा पैसा घेणाऱ्या कॉलेजला तो लागू आहे, पण तिथे भेदभाव जाणूनबुजून केला हे सिद्ध करावं लागतं. दोन्ही वाटा एकत्र धरता येतात.

दोन गोष्टी करू नकोस. बाईंशी फोनवर बोलताना गुपचूप रेकॉर्डिंग नको, कॅलिफोर्नियात तो गुन्हा होऊ शकतो. आणि रागाच्या भरात कोर्स सोडू नकोस. क्रेडिट कमी झाले की व्हिसाच धोक्यात येईल, मग भांडायला तिथे राहणार कोण?

कॉलेजच्या ईमेल खात्यातलं सगळं स्वतःकडे उतरवून घे, ते खातं तुझं नाही. तुझी शैक्षणिक फाइल लेखी मागव, ४५ दिवसांत दाखवणं त्यांना बंधनकारक आहे. कमिटीपुढची तक्रार चालू ठेव, मागे घेऊ नकोस. वकिलाच्या फीची काळजी आत्ताच करू नकोस. असा दावा जिंकला तर कोर्ट समोरच्याकडून वकिलाची फी देववू शकतं, म्हणून काही वकील आधी पैसे न घेताही केस घेतात.

ईमेलची प्रत मला आज पाठव. बाबांना मी अजून सगळं सांगितलेलं नाही. तू वकील ठरवलास की तूच सांग, म्हणजे त्यांच्या प्रश्नांना तुझ्याकडे उत्तरं असतील.

तुझी,
आई