सोसायटीच्या कागदावर कटरचं गार्डही येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या बडोद्यातल्या मांजलपूरच्या सोसायटीत कुठल्याही फ्लॅटचं काम निघालं की घरमालकाच्या हाती एक छापील कागद पडतो. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, मलबा लिफ्टमधून न्यायचा नाही, जिन्यात सिमेंट सांडलं तर धुऊन द्यायचं. अशी अकरा कलमं आहेत. प्लाय कापणाऱ्या पोराच्या बोटांबद्दल एकही नाही.

सध्या तिसऱ्या मजल्यावर किचनच्या ट्रॉल्या बसताहेत. परवा दार उघडं दिसलं म्हणून डोकावलो. विशीतला मुलगा उकिडवा बसलेला. एकोणीस एमएमचा प्लाय दोन टोकांना दोन विटांवर टेकवलेला आणि मधोमध डाव्या पायाने दाबलेला. पायात रबरी चपला. हातात चार इंची ग्राइंडर, त्यावर लाकडाचं पाच इंची दातेरी ब्लेड. ब्लेड झाकणारं गार्ड काही दिसेना. ‘गार्ड कुठे आहे रे?’ विचारलं, तर मशीन बंद न करताच हसून म्हणाला, ‘नडे छे, काका.’ खरंच आहे. चार इंचाच्या मशीनवर पाच इंची ब्लेड चढवायचं तर गार्ड नडणारच. नडण्यासाठीच ते दिलेलं असतं.

मकरपुरा जीआयडीसीतल्या (इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या) एका मशीन शॉपमध्ये मी बत्तीस वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. फरशीचं डायमंड ब्लेड घासतं, लाकडाचं ब्लेड चावतं. फरशी कापायचा चार इंची मार्बल कटर साधारण मिनिटाला १२,००० फेरे घेतो. ११० मिलिमीटरच्या ब्लेडचा हिशेब केला तर दाताचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास जातो. लाकडासाठी बनवलेलं सात इंची सर्क्युलर सॉ याच्या निम्म्याहून कमी, साधारण पाच-साडेपाच हजार फेऱ्यांवर चालतं. त्याला खालून स्प्रिंगचं गार्ड असतं, मशीन उचललं की ते आपोआप ब्लेडवर येतं. (तेही तारेने बांधून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत.) ग्राइंडरला तर खाली टेकायला पट्टीच नाही, त्यामुळे ब्लेड किती खोल जाईल ते हाताच्या अंदाजावर. दातेरी ब्लेड लावू नका, असं ग्राइंडरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पण खोक्यातून मशीन आधी निघतं आणि माहितीपत्रक खोक्याबरोबर रद्दीत जातं.

त्या मुलाच्या विटांकडे परत येतो, कारण खरी गोम तिथे होती. फळी टोकांना टेकवून मधे कापत गेलं की ती खाली वाकते आणि कापाचे दोन्ही काठ ब्लेडला चिमटीत धरतात. फळी जागची हलत नाही, मग मशीन हलतं, आणि ते येतं धरणाऱ्याच्या अंगावर. आमच्याकडे याला ‘मशीन उलटं मारलं’ म्हणत. अशा वेळी बटणाचं लॉक दाबलेलं असेल तर हात सुटला तरी ब्लेड फिरतच राहतं. उपाय बिनपैशाचा आहे. फळीखाली दोन-तीन लाकडी पट्ट्या आडव्या घालायच्या, कापाच्या दोन्ही बाजूंना आधार राहील आणि तुटणारा तुकडा मोकळा सुटेल अशा. ब्लेड फळीच्या खाली चार-पाच मिलिमीटरच उतरवायचं. आपण कापाच्या रेषेत न बसता बाजूला राहायचं. पायाने दाबण्याऐवजी दोन क्लॅम्प लावायचे.

डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच, फरशी कापताना तर आणखी हवा, कारण त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसली की निघत नाही. हातमोजे मात्र सैल सुती नकोत, ब्लेडला तेवढा धागा पुरतो. आणि सॉकेटमध्ये काडीपेटीच्या काड्यांनी ठोसलेल्या उघड्या वायरी! त्यावर मी काय लिहू?

आता माझंच सांगतो. शॉपमध्ये गार्डशिवाय मशीन चालवू दिलं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचा धाक होता, इन्स्पेक्टर येत असे. निवृत्तीनंतर घरी देवघराची फळी कापताना मी स्वतःच्या हाताने गार्ड काढलं. दोन मिनिटांचं काम होतं. डाव्या तर्जनीचं टोक गेलं. शेजाऱ्यांनी मायेने ते थेट बर्फात ठेवलं आणि डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. तुटलेला भाग थेट बर्फात टाकायचा नसतो. स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. जखमेवर दाब धरून १०८ ला फोन.

ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कारागिरी शिकवायला कलाभवन काढलं, तिथला मिस्त्री आज हे मशीन मोबाइल बघून शिकतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. रोज तो घरमालकाच्या घाईवर कमावतो. म्हणून माझं मागणं सोसायट्यांकडे आहे. त्या कागदावर बारावं कलम घाला: गार्ड नसलेलं कटर किंवा दातेरी ब्लेड लावलेला ग्राइंडर आवारात चालणार नाही, वायरीला प्लग हवा, आणि ज्या बोर्डावर मशीन लागेल त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. लिफ्टच्या ओरखड्यासाठी आपण डिपॉझिट घेतो, तर हेही विचारता येईल.

आमच्या सेक्रेटरींना हे लिहून दिलं. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, ‘गार्ड म्हणजे नेमकं कुठलं?’ म्हणून त्यांना तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेलो. मुलाने पिशवी उपडी केली. तळाशी गार्ड होतं, कंपनीच्या न फोडलेल्या प्लास्टिकमध्ये, स्क्रूसकट.

आपला,
एक निवृत्त फोरमन
मांजलपूर, बडोदे