वॉशरच्या टाकीतले पाणी घरूनच काढून निघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळी सहलींवरचे लेख सध्या सगळ्याच पुरवण्यांतून येत आहेत. त्यांत गरम कपड्यांची यादी असते, चाकांना बांधायच्या साखळ्या असतात, हॉटेलांचे दर असतात. पुढच्या काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरबद्दल मात्र एक ओळ सापडत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि एरवी रोहतांगच्या बर्फामुळे हिवाळाभर बंद राहणारे लाहौल मनालीहून तासा-दीड तासावर आले. त्यामुळे 'एमएच' पाटीच्या गाड्या आता जानेवारीतही बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावात दिसतात. काहीजण किन्नौरकडून चढून थेट स्पितीतले काझा गाठतात. गाडी अशी जाणार म्हटल्यावर कूलंट तपासले जाते, बॅटरी तपासली जाते. डिझेलची काळजी तर तेल कंपन्यांनीही घेतली आहे : लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये आणले. वॉशरच्या टाकीत मात्र पुण्या-नाशिकच्या नळाचे पाणी तसेच असते. सर्व्हिसिंगच्या कागदावर 'वॉशर टॉप-अप' यापुढे बरोबरची खूण असते, ती याच पाण्याची.

गोठले तर गोठले, काच फडक्याने पुसू, असे वाटते. प्रत्यक्षात गरज नेमकी तिथेच पडते. सकाळी दहा-अकरानंतर ऊन लागले की रस्त्यावरचे बर्फ सुटते, त्यात घसरू नये म्हणून टाकलेली माती मिसळते आणि पुढच्या ट्रकची चाके तो रबरबीत चिखल आपल्या काचेवर फेकतात. वायपर कोरडाच फिरवला तर एका फेरीत तपकिरी अर्धचंद्र तयार होतो. समोर सूर्य खाली उतरलेला असेल, तर त्या अर्धचंद्रापलीकडचे काही म्हणजे काहीच दिसत नाही.

आता आत काय घडते ते. टाकी बहुतेक गाड्यांत बंपरच्या मागे, पुढच्या चाकाच्या फेंडरमध्ये असते. वर दिसते ते निळे झाकण आणि मान तेवढीच. म्हणजे इंजिन तापले तरी टाकीला त्याची ऊब फारशी लागत नाही. टाकीच्या तळाशी रबरी ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकात बसवलेल्या कड्यात, छोटा पंप खोचलेला असतो, त्याच्या तोंडाशी जाळी. तिथून पातळ नळी बोनेटखाली जाते, टी-जॉइंट आणि पाणी उलटे उतरू न देणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हमधून नॉझलपर्यंत पोहोचते. गोठण्याचा क्रम उलटा असतो. सगळ्यात आधी नॉझल, कारण तिथे थेंबभरच पाणी आणि वारा थेट अंगावर. मग नळी. टाकी सर्वांत शेवटी, बहुधा रात्रीत. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते. टाकी गच्च भरलेली असेल तर ती शिवणीवर किंवा पंपाच्या खोबणीशी तडकते, नाहीतर पंप ग्रोमेटसकट बाहेर ढकलला जातो. हे सकाळी कळत नाही. दुपारी बर्फ वितळले आणि बंपरखाली ओघळ लागला की कळते.

म्हणून काम निघण्याआधी, घरीच करायचे. पहिले, जुने पाणी काढणे. स्टिअरिंगजवळची वॉशरची दांडी ओढून धरून टाकी रिकामी करू नका. कोरडा फिरला की पंप जातो. सायफनची नळी मानेतून आत सोडता येते, पण मान वाकडी असल्याने ती तळापर्यंत पोहोचेलच असे नाही. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे चाकाच्या आतले प्लॅस्टिकचे लायनर सोडवून पंप ग्रोमेटमधून हळूच ओढून काढणे. पाणी भसकन बाहेर येते, खाली बादली ठेवा. जाळीवर शेवाळ किंवा पांढरा थर असेल तर धुऊन घ्या, ग्रोमेटला साबणाचे पाणी लावून पंप परत दाबून बसवा. सराईत मेकॅनिकला अर्धा तास पुरतो. काही गाड्यांत मात्र बंपर सैल करावा लागतो आणि वेळ वाढतो.

पाणी पूर्ण काढायचा आग्रह कशासाठी, तर हिशेब पाहा. तीन लिटरच्या टाकीत तळाशी अर्धा लिटर पाणी उरले आणि वर ४० टक्के इथेनॉलचा (हे एक अल्कोहोल) अडीच लिटर द्राव ओतला. ४० टक्क्यांचा द्राव उणे २३ अंशांपर्यंत टिकतो. मिसळल्यावर तो ३३ टक्क्यांवर येतो आणि उणे १७-१८ लाच गोठू लागतो. बाटलीवरचा आकडा खोटा नसतो, आपली टाकी रिकामी नसते.

दुसरे, द्राव निवडणे. आपल्याकडे दुकानात मिळणारी बरीचशी वॉशर बाटली म्हणजे रंगीत साबण. ती किडे आणि तेलकटपणा काढते, थंडीत तिचा काडीचा उपयोग नाही. लेबलावर 'उणे अमुक अंश' असे स्पष्ट लिहिलेले हवे, आणि तो द्राव तसाच ओतायचा की पाण्यात मिसळायचा हेही पाहून घ्या. मिसळायच्या द्रावात दुप्पट पाणी घातले की त्या आकड्याला अर्थ उरत नाही. जिथे जाणार तिथल्या रात्रीच्या किमान तापमानाहून निदान दहा अंश खालचा द्राव घ्यावा. काझाला रात्री उणे २० होत असेल तर उणे ३० चा. हे दहा अंश चैनीचे नाहीत. काचेवर फवारा पडताच त्यातले अल्कोहोल आधी उडते, उडताना काच आणखी गार करते आणि मागे उरते ते पाणीच. शिवाय लेबलावरच्या अंशाला द्राव दगड होत नाही, त्यात स्फटिक धरू लागतात. एवढा गोळाही जाळी तुंबवायला पुरतो.

तयार द्राव मिळाला नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण चालते. आकारमानाने ३० टक्के अल्कोहोल उणे १५ पर्यंत, ४० टक्के उणे १८ पर्यंत, ५० टक्के उणे २१ पर्यंत. म्हणजे तीन लिटर टाकीसाठी रसायनांच्या दुकानातले ९९ टक्क्यांचे दीड लिटर आणि तेवढेच पाणी. यापुढे जोर लावून फायदा नाही. ६० टक्के केले तरी उणे २३ च. सिस्सूच्या दिवसभराच्या फेरीला हे पुरते, काझाच्या मुक्कामाला नाही. औषधाच्या दुकानातले ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल असेल तर एका लिटरला ४०० मिलिलिटर पाणी घातले की ५० टक्के होते. त्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे पाच-सहा थेंब टाका, जास्त नको. फेस नळीत अडकतो. पाणी डिस्टिल्डच हवे. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नॉझलच्या मिलिमीटरभर भोकात बसतो, आणि मग गोठले की तुंबले हे डोंगरात कळत नाही.

मिश्रण जमले का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीत पाऊण भरेल एवढे घ्या, झाकण घट्ट लावा आणि घरच्या फ्रिजच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा. डीप फ्रीझर साधारण उणे १८ ला असतो. सकाळी बाटली हलवून पाहा. आत सुया दिसल्या किंवा उसाच्या रसातल्या चुऱ्यासारखे काही फिरताना दिसले, तर ते मिश्रण तिकडे न्यायचे नाही.

तिसरी पायरी लोक हमखास विसरतात. टाकी भरली तरी नळीत जुने पाणीच असते. इंजिन चालू ठेवून दांडी पाच-सहा सेकंद ओढा, थोडे थांबा, पुन्हा ओढा, आणि नॉझलशी अल्कोहोलचा वास येईपर्यंत हे करत राहा. मागच्या काचेलाही वॉशर असेल तर तोही असाच चालवा. त्याचे पाणी बहुधा याच टाकीतून, छतातून गेलेल्या लांब नळीने जाते. ती नळी गोठून सांध्यातून निसटली तर वॉशरचे पाणी छताच्या अस्तरातून झिरपते. फवारताना केबिनमध्ये वास येतो, कारण बाहेरची हवा आत घेणारी जाळी काचेच्या पायथ्याशीच असते. तेवढे क्षण आतलीच हवा फिरवणारे बटण चालू ठेवा, नंतर बाहेरची हवा पुन्हा सुरू करा, नाहीतर काच आतून धुरकटते.

एवढे करूनही, किंवा न करता, सकाळी फवारा आला नाही तर आधी कान द्या. दांडी एकदाच, सेकंदभर ओढा. पंपाची घुरघुर येते पण पाणी नाही, तर अडथळा नळीत किंवा नॉझलमध्ये. आवाजच नाही, तर पंपाचे पाते बर्फात अडकले आहे किंवा फ्यूज उडाला आहे. दुसऱ्या प्रकारात दांडी पुन्हा ओढू नका. अडकलेली मोटर जास्त करंट ओढते; फ्यूज उडाला तर स्वस्तात सुटलात, मोटरमधले तारांचे वाइंडिंग जळाले तर पंपच बदलायचा. नॉझल सुटायला कोमट पाण्यात पिळलेले फडके दोन मिनिटे पुरते, किंवा सिरिंजने अल्कोहोलचे चार थेंब भोकात. टाकीला मात्र वेळ द्यावा लागतो. गाडीचे तोंड उन्हाकडे करून उभी करा, टाकीत जागा असेल तर अर्धा लिटर कोमट द्राव ओता, हाताला सोसेल एवढाच, आणि दुपारपर्यंत वाट पाहा.

फसवा प्रसंग याच्यानंतरचा आहे. उन्हात टाकी अर्धवट सुटते, फवारा येतो, आपण खूश. पण टाकीत साधे पाणी असेल तर बोगद्यातून बाहेर पडल्यावर उणे दहाच्या वाऱ्यात ते काचेला लागताक्षणी पांढरे होते आणि वायपर त्याचा पापुद्रा समान पसरवतो. चालत्या गाडीत समोर दुधी काच. असे झाले तर पुन्हा फवारू नका. वेग कमी करा, इंडिकेटर द्या, बाजूच्या काचेतून कडा पाहत थांबा, हीटर काचेकडे वळवा, सोबत एसी चालू ठेवा. म्हणूनच निघताना आधी काच पाच-दहा मिनिटे आतून ऊबदार होऊ द्यावी, मगच वॉशरला हात लावावा. हीटरही एकदम पूर्ण नको, हळूहळू वाढवा. काचेवर खड्याची जुनी टिकली असेल तर अचानक उष्णतेने तिथून तडा पसरतो. उकळते पाणी काचेवर ओतण्याचा परिणाम तोच, फक्त क्षणात.

रात्री गाडी लावताना वायपरची दांडी 'ऑटो'वर राहिली नाही ना, हे पाहा. पाती काचेला चिकटलेली असताना सकाळी चावी फिरवली की रबर फाटते नाहीतर वायपरच्या मोटरवर ताण येतो. पाती उभी करून ठेवावीत. ती बोनेटखाली लपणारी असतील तर आधी सर्व्हिस पोझिशनला, म्हणजे काचेवर वर, आणावी लागतात.

टाकीत काय ओतू नये, याबद्दल वाटेल ते सल्ले दिले जातात. मिठाचे पाणी पत्रा खाते. इंजिनचे कूलंट सहज गोठत नाही हे खरे, पण ते काचेवर तेलकट पसरते आणि रंगाला अपाय करते. शिवाय त्यातले ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते, रस्त्यावरची कुत्री ते चाटतात. सॅनिटायझरमधले ग्लिसरीन काचेवर चिकटते. मिथेनॉल तर नकोच. युरोपीय संघाने २०१८ च्या नियमाने सामान्य ग्राहकांना विकायच्या वॉशर द्रावात त्याचे प्रमाण वजनाने ०.६ टक्क्यांच्या आत बांधून टाकले आहे. अमेरिका-कॅनडात मात्र ते द्रावात सर्रास असते. तिकडे मुलांकडे राहायला जाणाऱ्यांनी निळे, सरबतासारखे दिसणारे ते कॅन नातवंडांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. आणि रंगावरून द्राव ओळखू नये, उन्हाळी द्रावही निळाच असू शकतो.

अल्कोहोलचा द्राव पेटतो, हे वेगळे सांगायला हवे. थंड मुलखात डिझेल सुटावे म्हणून गाडीखाली शेगडी किंवा पलिता धरण्याची जुनी पद्धत ट्रकवाल्यांकडे दिसते. वॉशरमध्ये असा द्राव असलेल्या गाडीखाली ते चालणार नाही. लायटरने नॉझल तापवणेही नाही.

शेवटचा आणि सर्वांत स्वस्त उपाय : त्याच द्रावाची अर्ध्या लिटरची फवारणीची बाटली केबिनमध्ये, सीटमागे ठेवा. केबिन ऊबदार राहते, बाटली गोठत नाही. पंप गेला, टाकी फुटली तरी थांबून हाताने चार फवारे मारता येतात. मात्र मुक्कामी ती खोलीत न्या.

परत आल्यावर हा द्राव काढून साधा भरावा. पुण्या-मुंबईच्या उन्हात त्यातले अल्कोहोल उडून जाते. पुढच्या हिवाळ्यात 'गेल्या वर्षीचाच आहे' म्हणून तीच टाकी घेऊन निघाल, तर आत काय उरले आहे ते डीप फ्रीझरमधली बाटली एका रात्रीत सांगेल.

सर्व्हिस सेंटरांनी हिवाळ्यापुरता तरी आपल्या तपासणीच्या कागदावर 'वॉशर द्राव, उणे किती अंश' असा रकाना घालावा, ही विनंती आपल्या पत्रामार्फत करतो.

आपला,
एक गॅरेजवाला, पुणे