शाळेत दंडार शिकवा, शिकवणाऱ्याला मानधन द्या

संपादक साहेब, नमस्कार.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा भेटला, लई आनंद झाला. पण त्याच मराठीतली आमची पूर्व विदर्भातली झाडीबोली, आमची दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं, यांच्यासाठी गावात काहीच होऊन नाही राहिलं म्हणून हे पत्र.

आमच्या वडसा, साकोली भागात दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत सुरू होते अन् रात्रभर नाटकं चालतात, लोक तिकीट काढून गर्दी करतात, २०२३ मध्ये तर आपल्या इकडच्या नाटकातले कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री भेटली. नाटकाची चिंता नाही. पण बहुतेक नाटकं आता पुस्तकी मराठीत असतात, झाडीबोली खरी ऐकायची तर दंडारीत, अन् आमच्या गावात दंडार करणारे सगळे म्हातारे झाले, ढोलकीवर बसणारा एकही नवीन पोट्टा नाही.

उत्तर आयर्लंडमधली अल्स्टर-स्कॉट्स बघा. सतराव्या शतकात स्कॉटलंडहून तिकडे जाऊन वसलेल्या लोकांची ही बोली. ती स्वतंत्र भाषा आहे का यावर तिकडेही अजून भांडणं आहेत, राजकारण तर आहेच, पण भांडण मिटायची वाट पाहत कोणी बसलं नाही. १९९८ च्या शांतता करारात तिचं नाव आलं, १९९९ मध्ये तिच्यासाठी सरकारी संस्था निघाली, अन् मला सगळ्यात पटलं ते हे की ती संस्था गावच्या मंडळांना बासरी, ढोल, नाच शिकवायसाठी पैसे देते, शाळेतही कार्यक्रम चालवते. त्यांचा लॅम्बेग ढोल बकरीच्या कातड्याचा, गळ्यात अडकवला की छाती-पोट सगळं झाकलं जाते, वेताच्या छड्यांनी वाजवतात. असं वाद्य वाचून येत नाही, जाणत्याच्या बाजूला उभं राहूनच येते, आपल्या ढोलकीचंही तेच. अन् त्यांचे जुने कवी कोण, तर जेम्स ऑरसारखे मागावर बसणारे विणकर, म्हणजे आपल्या पवनीच्या कोष्ट्यांसारखे कष्टकरीच.

माझी मागणी साधी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शनिवारी एक तास गावातलाच दंडार करणारा बोलवा अन् त्याला मानधन द्या, जिल्हा नियोजनातून ते सहज होईल. पोरं घरची बोली बोलली तर त्यांना रागावू नका. रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठानं आमच्या म्हाताऱ्यांकडची गाणी रेकॉर्ड करून घ्यावी, पण लवकर, कारण बऱ्याच जणांची गाणी कुठंच लिहिलेली नाहीत. आमच्या गावची मंडळी शिकवायला तयार आहेत, मी त्यांना विचारूनच लिहून राहिलो.

एक वाचक, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली