मास्तर, तू जिंकलास

नाशिक, रविवार रात्र

सुन्या,

दिवाळीपासून तुझे मिसकॉल पडून आहेत, शिव्या घाल पण आधी पूर्ण वाच. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच आहे.

झालं असं की अण्णांना 80 पूर्ण झाली. ते केंद्र सरकारच्या प्रेसमधून रिटायर झालेले, आणि केंद्राच्या पेन्शनरला तेव्हा मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते, मलाही माहीत नव्हतं. परवा त्यांना घेऊन बँकेत पासबुक भरायला गेलो. मशीनमधून पासबुक बाहेर आलं, अण्णांनी आकड्यावर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बघ, प्रेस अजून पगारवाढ देते मला." मग बिटको चौकात गाडी थांबवायला लावून अर्धा किलो जिलबी घेतली, स्वतःच्या पैशांनी.

मी हसलो, पण रात्री झोप लागेना. अण्णांना शेवटच्या वर्षी जेवढा पगार मिळाला ना, जवळजवळ तेवढा माझा महिन्याला टीडीएस कापला जातो. 60 लाखांचं पॅकेज! आणि पेन्शन? शून्य. उठून ओट्यापाशी पोराची जुनी वही घेऊन बसलो. घरखर्च हप्ते सोडून महिन्याला दीड लाख (हो, हसून घे). महागाई 6 टक्के धरली तर 12 वर्षांत दुप्पट, म्हणजे मी साठीला पोचेन तेव्हा 3 लाख आणि बहात्तरीला 6. अण्णांचा महागाई भत्ता (डीए) जानेवारीत आणि जुलैत वाढतो, माझा कोण वाढवणार, तू?

बरं, जमवलंय काय? पाथर्डी फाट्याचा फ्लॅट, 55 लाखांचा, भाडं 14 हजार, म्हणजे वर्षाला 3 टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि रंग जातो तो वेगळा. इगतपुरीचा प्लॉट, जिथे जायला अजून रस्ता नाही. पीपीएफ वर्षाला दीड लाखावर अडतो, आमच्या पगाराला ते कोपऱ्यात पडल्यासारखं. व्हीपीएफमध्ये, म्हणजे पीएफमध्ये आपणहून जास्तीचं, जोरात भरत होतो, तर 2021 पासून आपल्या वाट्याच्या अडीच लाखांवरच्या रकमेचं व्याज करपात्र झालंय, हे मला सीएने चार वर्षांनी सांगितलं. आणि एसआयपी मी 2020 च्या मार्चमध्ये घाबरून बंद केली होती. मार्केट वर गेल्यावर परत चालू केली. शहाणा!

आता ती पॉलिसी. 2011, मिसळीच्या टेबलावर तू पेपरच्या कडेला गणित मांडलं होतंस, रश्श्याचा डाग पडलेला मला अजून आठवतो. वर्षाला 1 लाख, 20 वर्षं, शेवटी साधारण 37 लाख, ऐकायला दणदणीत. तू म्हणालास वर्षाला साडेपाच टक्केच सुटतात रे, इन्शुरन्स हवा तर टर्म, म्हणजे नुसता विमा घे. मी म्हटलं पॉलिसी विकणारा घरातलाच, त्याला नाही कसं म्हणायचं, आणि तुला काय कळतंय पैशातलं, झेडपीचा मास्तर तू. तीन महिने बोललो नाही आपण. काल पुन्हा मांडलं. साडेपाचच.

आणि त्याआधीचं, 2003 चं. तुला नोकरीची ऑर्डर आली तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो ना, खडू घासून म्हातारा होशील. आणि राज्याची जुनी पेन्शन कोणाला, तर 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांना. काल ती तारीख वाचली आणि पहिला तूच डोळ्यासमोर आलास. हे बायकोला सांगून काय कळणार, ती म्हणते इतकं कमावतोस आणि रडतोस कशाला.

चिऊची बारावी कशी गेली? वहिनींच्या गुडघ्याचं कळव. बदलीचं झालं का काही?

पुढच्या शनिवारी ये. फ्लॅट विकायचा का, यावर तुझ्याशी भांडायचंय, आणि विकलाच तर ते पैसे एकदम इंडेक्स फंडात टाकायची माझी छाती नाही, तू शेजारी बसून थोडे थोडे टाकायला लाव. अण्णा आत्ताच विचारत होते, एवढं कुणाला लिहितोयस. सुन्याला म्हटलं तर म्हणाले, "त्याला सांग, ऐंशीला जिलबी त्याने द्यायची."

तुझा,
पक्या