ते खोडरबर माझ्या हातात दिलंत, त्याबद्दल

ताई, समोर सांगायला गेले असते तर रडलेच असते, म्हणून लिहितेय.

केमिस्ट्री मी दहावीनंतर सोडली ती कायमचीच. शाळेत एकदा विचारलं होतं, सोडियमला एनए का म्हणतात, एसओ का नाही, तर सर म्हणाले फालतू प्रश्न नकोत, पाठ कर, आणि अख्खा वर्ग हसला. मग पाठच केलं. व्हॅलन्सीचा तक्ता घोकला, पेपरात ओकला, विषय संपला. नंतर एक क्लास लावला तर त्यांनी फी घेऊन पहिल्याच दिवशी समीकरणं बॅलन्स करायला काढली, अणू म्हणजे काय ते येतच असणार असं धरून!

इतक्या वर्षांनी तुमच्यासमोर वही उघडली तेव्हा घाबरत घाबरत तोच प्रश्न विचारला. तुम्ही हसला नाहीत. लॅटिनमध्ये नेट्रियम म्हणून एनए, आणि लोखंड फेरम म्हणून एफई, बस्स.

पण माझ्या डोक्यात राहिलंय ते खोडरबर. तुम्ही पेन्सिलीने सोडियम काढलात, मधे 11 प्रोटॉन, भोवती गोलागोलांत इलेक्ट्रॉन, आतून बाहेर 2, 8, 1. शेजारी क्लोरीन, 2, 8, 7. मला वाटलं आता लेक्चर सुरू होणार, तर तुम्ही खोडरबर माझ्या हातात ठेवलंत नि म्हणालात, तो शेवटचा एकटा आहे ना, त्याला पूस आणि तिकडे काढ. पुसला. आता मोज म्हणालात. प्रोटॉन म्हणजे प्लस, ते 11, इलेक्ट्रॉन म्हणजे मायनस, ते 10, म्हणजे एक प्लस जास्त. अहो मी आजवर समजत होते की प्लस म्हणजे त्याला काहीतरी मिळालं, ते तर देऊन बसलंय!

हुशार माणसं काय, ढिगाने भेटली, आपल्याला किती येतं ते दाखवणारी. दिवसभराचं काम उरकून दमून आल्यावर दुसऱ्याच्या वहीत गोल काढत बसायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? आणि तेही मला एकदाही ढ वाटू न देता.

काल एकटीने मॅग्नेशियम काढलं. 2, 8, 2. बाहेरचे दोन पुसले, एक क्लोरीनला दिला, त्याचे बाहेरचे आठ झाले, गोल भरला, दुसरा हातातच राहिला, मग अजून एक क्लोरीन काढावा लागला. मॅग्नेशियम क्लोराईडच्या सूत्रात एमजीसीएलच्या खाली येणारा तो 2, शाळेत नुसता घोकलेला, काल माझ्याच वहीत माझ्या हाताने आला, ताई.