चिकाच्या पावडरीने उंची वाढत नाही

संपादक महोदय,

उंची वाढावी म्हणून मुलांना गाईच्या चिकाची पावडर द्या, हा आपल्या रविवार पुरवणीतील सल्ला चुकीचा आहे. चिकात आयजीएफ-१ हे हाडांच्या वाढीला चालना देणारे द्रव्य असते हे खरे. पण ते ७० अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. मुलाच्या पोटात गेले की वरणातल्या प्रथिनासारखेच ते पचून जाते, हाडांपर्यंत पोहोचत नाही.

शरीर ते स्वतः बनवते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक सुटते, त्यामुळे यकृत आयजीएफ-१ रक्तात सोडते आणि लांब हाडांच्या टोकांजवळची कूर्चा वाढू लागते. मूल अर्धपोटी असेल, तर संप्रेरक भरपूर असूनही यकृत दाद देत नाही. मग पावडरीवर पैसे कशाला? तेच दूध, डाळ, अंड्यांवर खर्च करावेत.

इंदूरच्या पालकांना कळकळीची विनंती, दर ६ महिन्यांनी उंची मोजा. मूल अनवाणी हवे, टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवे धरून त्याखाली पेन्सिलीची खूण करा आणि तारीख लिहा. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला ५ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉइडची कमतरता किंवा गव्हाचे न पचणे हेही कारण निघू शकते, आणि त्यावर उपाय आहेत. मात्र कूर्चेचे हाड झाले की कोणत्याच औषधाने उंची वाढत नाही.

– एक वाचक, इंदूर