हीटिंग बंद पडलं तर आधी एवढं बघा
सर्व सभासदांसाठी. मेकॅनिकला बोलावण्याआधी थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवणारं यंत्र) तपासा. त्यातले सेल संपलेले असतात किंवा टायमर कुणीतरी बदललेला असतो (घरात विचारलंत तर अर्थातच कुणी नाही!).

मग बॉयलरवरचा (हीटिंगचं पाणी तापवणाऱ्या यंत्रावरचा) प्रेशरचा काटा. यंत्रणा थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) हवा. फार खाली गेला तर बॉयलर पेटतच नाही. फिलिंगचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडून पाणी भरा आणि आठवणीने घट्ट बंद करा. वरचेवर भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधून घ्या.

कडाक्याच्या थंडीत कंडेन्सिंग बॉयलरची (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या बॉयलरची) बाहेर जाणारी निचऱ्याची नळी गोठते. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको. मग रिसेट एकदा दाबा. सारखं दाबत बसू नका; पडद्यावरचा एरर कोड लिहून ठेवा, मेकॅनिक पहिलं तेच विचारतो.

बॉयलरचं झाकण कुणीही स्वतः उघडू नये. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही न दाबता दारं-खिडक्या उघडून बाहेर पडा आणि बाहेरूनच गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म वाजला तरी लगेच बाहेर पडायचं.